पत्रा की कापड : हुतात्मा बागेच्या माहितीफलकाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

सोलापुरात ‘बागेत जाऊन येतो’ असं कुणी म्हटलं की ते कुठल्या भागात राहतात ते कळतं. विजापूर रोडची माणसं कंबर तलावाकडे वळतात. त्याला आता धर्मवीर संभाजी तलाव म्हणतात, आणि त्याच बाजूला महात्मा गांधी प्राणी संग्रहालय आणि सिद्धेश्वर वनविहार आहे. गावातल्या जुन्या पेठांची माणसं मात्र पिढ्यान् पिढ्या हुतात्मा बागेत जातात. भुईकोट किल्ल्याचा तट, त्याला लागून खंदक, आणि त्या खंदकाच्या अंगानं ही बाग. बाकावर बसलं की समोर बुरूज, आणि तटाच्या पलीकडे सिद्धेश्वराचा तलाव. एवढं सगळं एका चालण्याच्या फेरीत असलेली दुसरी बाग मला तरी माहीत नाही.

आम्ही सात जण तिथं सकाळी भेटणारे. एक निवृत्त इतिहासाच्या शिक्षिका (त्यांना सगळे ‘बाई’च म्हणतात), एक स्थापत्य अभियंता, बँकेतले एक गृहस्थ, दोन महाविद्यालयीन मुलं, पूर्व भागातली एक शिवणकाम करणारी मैत्रीण आणि मी. मी एका शाळेचं ग्रंथालय सांभाळते. या लेखात कुणाचं नाव दिलेलं नाही आणि ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदललेत. घडलं ते तसंच लिहिलंय.

सुरुवात एका पाहुण्यांच्या प्रश्नानं झाली. कलबुर्गीहून आलेलं एक कुटुंब फाटकाशी उभं होतं. त्यांनी कानडीत विचारलं, ‘ही बाग कुणाच्या नावाची?’ आम्ही चार जण पुढं झालो. एकानं सांगितलं, स्वातंत्र्यसैनिकांच्या. दुसऱ्यानं, चार हुतात्म्यांच्या. तिसऱ्यानं चारातली दोन नावं सांगितली आणि तो थांबला. चौथी मी होते. मी तिसरं नाव सांगितलं आणि चौथं मला आठवेना. पाहुणे हसून आत गेले. आम्ही मात्र त्या दिवशी फेरी न मारता बाकावरच बसून राहिलो. वीस-वीस वर्षं इथं येतोय आणि चार नावं सांगता येत नाहीत, याचं वाईट वाटलं. तिथंच ठरलं की बागेत माहितीफलक लावायचे. चार ठिकाणी चार. आणि १२ जानेवारीच्या आत.

फलकावर काय यायला हवं होतं

पहिला फलक हुतात्म्यांचा. १९३० साली सविनय कायदेभंगाची चळवळ सुरू झाली तेव्हा सोलापूर हे गिरण्यांचं गाव होतं. ६ एप्रिलला इथल्या नगरपालिकेवर तिरंगा चढला. मे महिन्याच्या सुरुवातीला गांधीजींना अटक झाल्याची बातमी आली आणि गिरणी कामगार रस्त्यावर उतरले. ८ मे रोजी लोक शिंदीची झाडं तोडायला रूपाभवानीच्या बाजूला गेले. ताडी-शिंदीवर बहिष्कार हा चळवळीचाच भाग होता. तिथून प्रकरण चिघळलं, गोळीबार झाला, शंकर शिवदारे या तरुणाला गोळी लागली, जमाव पोलीस चौकीवर चालून गेला. नंतरचे तीन दिवस, ९ ते ११ मे, शहरात इंग्रजांचा अंमल उरला नव्हता. १२ मे रोजी लष्करी कायदा लागू झाला. सोलापूरकर आजही ‘मार्शल लॉ’ असाच शब्द वापरतात. पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांवर खटला चालला. १२ जानेवारी १९३१ रोजी त्यांना फाशी दिलं गेलं. फाशी कुठं दिली, यावरूनच पुढचं सगळं घडलं, म्हणून ते इथं सांगत नाही.

दुसरा फलक किल्ल्याचा. किल्ला बहमनी काळातला, दुहेरी तटाचा. तीन बाजूंना खंदक आणि चौथ्या बाजूला तलाव, म्हणजे तलाव हाच त्या बाजूचा पहारा. या किल्ल्याच्या वाट्याला आलेलं सगळ्यात विचित्र भाग्य म्हणजे तो दोनदा हुंड्यात बोलला गेला. विजापूरच्या इस्माईल आदिलशहाच्या बहिणीचं लग्न अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाशी झालं तेव्हा सोलापूर द्यायचं ठरलं. ते दिलं गेलं नाही आणि दोन शाह्या त्यापायी वर्षानुवर्षं लढल्या. पुढं बुऱ्हाणचा मुलगा हुसेन निजामशहा, त्याची मुलगी चांदबिबी अली आदिलशहाला दिली, तेव्हा सोलापूर उलट्या दिशेनं, विजापूरकडे गेलं. त्याच समेटातून १५६५ ची विजयनगरविरुद्धची आघाडी उभी राहिली. म्हणजे एका लग्नात न दिलेला किल्ला दुसऱ्या लग्नात दिला गेला, आणि दक्षिणेचा नकाशा बदलला. मे १८१८ मध्ये जनरल मन्रोनं तो पेशव्यांकडून घेतला. आज तो भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे.

तिसरा सिद्धेश्वर तलावाचा. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांनी हा तलाव खोदवला, गावाभोवती अडुसष्ट लिंगं स्थापन केली, आणि कानडीत वचनं लिहिली. बसवेश्वर आणि अल्लमप्रभूंच्या काळातले ते शरण, म्हणजे शिवभक्त संत. चौथा फलक झाडांचा होता, आणि तो शेवटपर्यंत लिहून झालाच नाही.

एवढा ऐवज हाताशी होता. अडचण ऐवजाची नव्हतीच.

कुठं अडलं

पहिलं अडलं ते नियमात. आमच्या अभियंता मित्रानं चार चौथऱ्यांचं रेखाटन काढलं होतं. प्रत्येक दोन फूट उंच, काँक्रीटचा, वर तिरका स्टीलचा पत्रा. रेखाटन घरी घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी परत आणून माझ्यासमोर ठेवलं. ‘हे जमणार नाही. संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही, आणि बाग तर खंदकालाच चिकटून आहे.’ त्याचं बरोबर होतं. प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनं शंभर मीटरचं प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढचं दोनशे मीटरचं नियंत्रित क्षेत्र ठरवून दिलंय. चौथरा लहान असला तरी तो बांधकामच. मग एका मुलानं सुचवलं की पत्रे झाडांना लावू. बाईंनी तिथल्या तिथं नाही म्हटलं. शंभर वर्षांच्या झाडात खिळा ठोकून त्यावर ‘जतन करा’ असं लिहायचं हे त्यांना पटेना, आणि मलाही. शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा राज्याचा कायदा आहेच, पण कायदा नसता तरी आमचं उत्तर हेच असतं.

दुसरं अडलं भाषेत. सोलापूर एका भाषेचं गाव नाही. पूर्व भागात तेलुगू, जुन्या पेठांत कानडी आणि मराठी, बेगमपेठेच्या बाजूला उर्दू-दख्खनी. बागेत एका सकाळी चारही कानावर पडतात. मराठीत फलक लावला तर ज्यांच्या घरातला सिद्धराम आहे त्यांच्या भाषेतच सिद्धरामाची गोष्ट नसणार. चार भाषांत लावला तर पत्रा एवढा मोठा होतो की त्यामागं बुरूज दिसत नाही.

तिसरं अडलं चार नावांच्या क्रमात. हा प्रश्न मला आधी लहान वाटला होता. मग बँकेतले गृहस्थ म्हणाले, ‘ज्याचं नाव चौथं, त्याच्या गल्लीतला माणूस विचारणारच, चौथं का?’ आम्ही त्यावर एक सकाळ घालवली, आणि ती वाया गेली असं मी आजही म्हणणार नाही. पहिल्या नावाच्या अकारविल्हे घ्यायचं ठरलं : अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा. या क्रमामागं कुणाची मर्जी नाही, हे कुणालाही एका वाक्यात सांगता येतं. तेवढं पुरेसं होतं.

पर्याय

चौथरे बाद झाल्यावर चार गोष्टी समोर आल्या. पहिली, फाटकाजवळ पत्र्याचा एकच फलक, आधीच असलेल्या लोखंडी कुंपणाला अडकवून. यात नवं बांधकाम नाही, फक्त परवानगी लागते. दुसरी, बाकांवर क्यूआर कोडचे स्टिकर. मुलांचा ओढा याकडे होता, आणि त्यांच्या बाजूनं बोलायचं तर मजकूर पुढं बदलता येणं ही फार मोठी सोय आहे. पण सकाळच्या बागेतली निम्मी माणसं फोन घरी ठेवून येतात, आणि सोलापूरच्या उन्हात स्टिकर दोन महिने टिकत नाही. तिसरी, फाटकावर वाटायचं घडीपत्रक. ते छापलंही असतं, पण दुसऱ्या दिवशी त्यातच कुणीतरी शेंगा गुंडाळून खाल्ल्या असत्या आणि आमचीच घडीपत्रकं वेचत आम्ही फिरलो असतो. चौथी गोष्ट बाईंनी सुचवली : काहीच लावू नका, रविवारी लोकांना घेऊन फिरा आणि तोंडानं सांगा.

आम्ही पहिला पर्याय घेतला. कारण उघड होतं. १२ जानेवारी जवळ येत होती. तारखेला काहीतरी दिसायला हवं, अनावरण व्हायला हवं, फोटो निघायला हवा. बाईंच्या पर्यायात दाखवण्यासारखं काहीच नव्हतं.

निर्णयाचा हा पहिला टप्पा, आणि तो मला आज चुकीचा वाटतो. फेरीनं जे साधलं असतं ते पत्र्यानं साधणार नाही, हे कळायला आम्हाला अजून दीड महिना लागायचा होता. तारीख आधी ठरली आणि मजकूर नंतर, यातच सगळी घाई आली.

पत्रा

मजकूर मी लिहिला. ऐंशी शब्द हुतात्म्यांवर, साठ किल्ल्यावर, चाळीस तलावावर. बाईंनी किल्ल्याचा भाग तपासला आणि हुंड्याच्या गोष्टीतलं एक वाक्य दुरुस्त केलं. मी घाईत चांदबिबीनं किल्ला बांधला अशी छाप पाडणारं वाक्य लिहिलं होतं. हुतात्म्यांचा भाग कुणीच बारकाईनं वाचला नाही, कारण तो ‘आपल्याला माहीतच आहे’ असं सगळ्यांना वाटलं. मलाही.

त्यात एक वाक्य असं होतं : ‘याच किल्ल्याच्या परिसरात १२ जानेवारी १९३१ रोजी चौघांना फाशी देण्यात आली.’

हे वाक्य कुठून आलं ते मी नंतर शोधलं. एका जुन्या शालेय निबंधात होतं, तिथून कुणाच्या टिपणात, टिपणातून माझ्या वहीत. बागेचं नाव हुतात्मा, बाग किल्ल्याला लागून, किल्ला म्हटलं की कैद आणि फाशी. एवढ्यावर मनानं गोष्ट जुळवून टाकली आणि ती खरी वाटू लागली. ज्या ग्रंथालयात मी रोज बसते तिथंच ती तपासता आली असती.

पत्रा लेसरनं कोरून आला. जाड, चकचकीत, कडा घासलेल्या. उचलायला दोन माणसं लागली. पैसे आम्ही सातांनी वाटून घेतले होते. अभियंत्याच्या घरी व्हरांड्यात तो उभा करून ठेवला आणि त्यावर बोट फिरवून पाहिलं. अक्षरं बोटाला लागत होती. मला तेव्हा फार आनंद झाला होता, ते इथं लपवत नाही.

चाचणी फेरी

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी बाईंनी हट्ट धरला की पत्रा लावायच्या आधी एकदा तो मजकूर बागेत लोकांना मोठ्यानं वाचून दाखवू. ‘लिहिलेलं कानाला कसं लागतं ते कळेल,’ एवढंच त्यांचं म्हणणं. बावीस माणसं जमली. बहुतेक रोजचीच, दोन-चार नवी. पूर्व भागातली एक आजी आणि तिची नात होती. नात मराठी ऐकून आजीला तेलुगूत सांगत होती.

मी वाचत होते. फाशीच्या वाक्यावर आले तेव्हा बाकावर बसलेले एक आजोबा काठी टेकून उभे राहिले. जुन्या गिरणीच्या भागातले, रोज येणारे, फारसं न बोलणारे. म्हणाले, ‘ओ बाई, हितं न्हाई. येरवड्याला. पुण्याला.’

मी म्हटलं, ‘तुम्हाला नक्की माहीत आहे का, आजोबा?’

‘माझा बाप तेव्हा गिरणीत पोरगा होता. ज्या दिवशी बातमी आली त्या दिवशी खात्यात कुणी डबा उघडला नाही म्हणायचा. हितं झालं असतं तर गावानं ते होऊ दिलं असतं का?’

शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याकडे बघून नाही, तटाकडे बघून म्हटलं. कुणी काही बोललं नाही. तेलुगू आजीनं नातीला विचारलं काय झालं, आणि नातीनं हळू आवाजात सांगितलं. आजीनं आजोबांकडे बघून मान हलवली.

त्या दुपारी मी तपासलं. फाशी येरवडा तुरुंगातच झाली होती. यात शंकेला जागाच नाही.

निर्णयाचा दुसरा टप्पा

आता पत्र्याचं काय करायचं, हा प्रश्न वरवर सोपा वाटतो : चुकीचा आहे, लावायचा नाही. पण बैठकीत तीन मतं पडली. एक, त्या एका ओळीवर छोटी पट्टी वेल्ड करून दुरुस्ती करायची. दोन, नवा पत्रा कोरून घ्यायचा, वर्गणी पुन्हा काढायची. तीन, बाईंचं : पत्राच नको.

पट्टीच्या बाजूनं मी होते. खर्च कमी, तारीख सांभाळली जाते. बाईंनी मला एकच विचारलं : ‘आजोबांनी सांगितलं नसतं तर पुढं कितीजण हे वाचून घरी जाऊन सांगणार होते?’ त्यांचा मुद्दा चुकीबद्दल नव्हताच. धातूवर कोरलेल्या गोष्टीला कुणी उठून ‘हितं न्हाई’ म्हणत नाही. फलक एकटा उभा असतो, त्याच्याशी वाद घालायला कुणी थांबत नाही. वाचून दाखवलं म्हणून आजोबा उभे राहिले.

मला ते पटायला आणखी दोन दिवस लागले. पटलं ते मात्र पूर्ण. १२ जानेवारीला काही लावायचं नाही, असं आम्ही ठरवलं. त्या आठवड्यात तसंही बागेच्या बाजूला पाय ठेवायला जागा नसते. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरलेली असते, अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, अक्षता सोहळा, सात नंदीध्वजांची मिरवणूक, शोभेचं दारूकाम. त्या गर्दीत आमचा पत्रा कुणी पाहिलाही नसता, हे आधी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

काय केलं

शिवणकाम करणाऱ्या मैत्रिणीनं उपाय काढला. तिनं पांढरा मांजरपाट आणला, सहा फूट बाय चार फूट. त्यावर कापडाच्या रंगानं बागेचा नकाशा काढला : तट, खंदक, तलाव, फाटक, मोठी झाडं. प्रत्येक जागेशी दोन-तीन ओळी. दोन्ही टोकांना बांबू, आणि गुंडाळलं की वळकटीसारखं काखेत मावतं. फेरीला निघताना दोघं धरतात, तिसरा सांगतो.

या कापडावर आम्ही दोन रंग ठेवले, आणि या प्रकरणातला माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचा निर्णय तोच. काळ्या रंगात जे नोंदीत आहे ते : तारखा, नावं, कायदे, येरवडा. निळ्या रंगात लोकांनी सांगितलेलं : ‘खात्यात कुणी डबा उघडला नाही.’ शेजारी लिहिलं, ‘गिरणी कामगाराच्या मुलानं सांगितलेलं.’ आजोबांनी नाव द्यायला नकार दिला. वडिलांचं नावही नको म्हणाले, ‘गिरणी म्हणा, पुरे.’ मार्शल लॉच्या दिवसांत गांधी टोपी दिसली की सैनिक ती उतरवायला लावायचे, ही आठवणही त्यांच्याच तोंडून आली. ती मला पुस्तकातही सापडली. मग ती निळ्यातून काळ्यात नेली, आणि आजोबांना ते फार आवडलं. ‘म्हणजे माझं बोलणं पक्कं झालं,’ म्हणाले.

दुरुस्ती करायची झाली की जुन्या ओळीवर ठिगळ लावतो. आतापर्यंत पाच ठिगळं आहेत. एक हुंड्याच्या गोष्टीवर : कानडी घरातल्या एका गृहस्थानं दाखवून दिलं की आमच्या ओळीतून चांदबिबी विजापूरची लेक वाटत होती. ती तर अहमदनगरची लेक आणि विजापूरची सून. एक झाडाच्या नावावर : आम्ही ज्याला कडुनिंब म्हणत होतो ते बकाणा निघालं. बागेत रोज पानं झाडणाऱ्या मावशींनी दाखवलं, फळांच्या गुच्छावरून.

भाषेचा प्रश्न असा सुटला की तो कापडावर सुटला नाही. कापड मराठीत आहे. पण फेरीत कानडी येणारे असतील तर सिद्धरामाचा टप्पा बँकेतले गृहस्थ कानडीत सांगतात. तेलुगूसाठी तीच नात येते. शाळेला सुट्टी असेल त्याच रविवारी येते, आणि तिच्या आजीसोबत आता आणखी दोघी येतात. उर्दूत सांगणारं माणूस मिळायला आठ महिने लागले. तेवढा काळ कुर्बान हुसेन यांच्याबद्दल, जे स्वतः वर्तमानपत्र चालवत होते त्यांच्याबद्दल, आम्ही त्यांच्या भाषेत एक वाक्यही सांगू शकलो नाही. ही उणीव मला खुपत राहिली.

आणि नावांचा क्रम? फेरीत तो प्रश्न उरलाच नाही. हुतात्म्यांच्या टप्प्यावर आम्ही गर्दीतून चार जणांना पुढं यायला सांगतो आणि प्रत्येकाला एकेक नाव मोठ्यानं म्हणायला देतो. कोण कुठलं म्हणणार ते आधी ठरलेलं नसतं. पहिल्यांदा हे केलं तेव्हा एका लहान मुलानं ‘श्रीकिसन सारडा’ इतक्या जोरात म्हटलं की तटावरून आवाज परत आला. नंतर तोच मुलगा आईला विचारत होता, पुढच्या वेळी मला दुसरं नाव मिळेल ना?

निष्पत्ती

दर दुसऱ्या रविवारी सकाळी फेरी होते. कधी नऊ माणसं येतात, कधी तीसेक. एप्रिल-मेमध्ये आम्ही थांबवतो. त्या दिवसांत सोलापुरात सकाळी आठलाच डोळ्यांवर हात घ्यावा लागतो, आणि म्हातारी माणसं घेऊन तटाच्या कडेनं फिरणं बरोबर नाही. किल्ल्याच्या आत फेरी नेत नाही, फक्त बाहेरून दाखवतो. आत जायचं तर तिकीट, वेळ आणि पायऱ्या, आणि आमच्या फेरीतल्या निम्म्यांना ते जमत नाही. आतल्या फार्सी शिलालेखांबद्दल आणि उत्खननात सापडलेल्या जुन्या मंदिराच्या अवशेषांबद्दल सांगतो, बघायचं असेल त्यांनी आपापलं जावं.

फाटकावर आजही आमचा फलक नाही. एखादा नवखा पाहुणा रविवारी सोडून इतर दिवशी आला तर त्याला काही कळणार नाही, ही आमच्या निर्णयाची खरी किंमत आहे आणि ती मी कमी लेखत नाही. कलबुर्गीचं ते कुटुंब मंगळवारी आलं असतं तर आजही तेच झालं असतं. फरक एवढाच की फाटकाशी उभ्या असलेल्या चौघांना आता चारही नावं येतात.

वर्षभरानं कुंपणाला अडकवायच्या एका छोट्या पाटीचा अर्ज आम्ही केला. त्यावर फक्त चार नावं, तारीख आणि ‘येरवडा कारागृह, पुणे’. गोष्ट काहीच नाही. परवानगीचं काम चालू आहे. ज्या अधिकाऱ्यांशी बोलणं झालं त्यांनी मजकूर कमी असल्याचं पाहून समाधान व्यक्त केलं, आणि एक सूचना केली की पाटी काढता-घालता येईल अशा खिट्ट्यांवर असावी. ती आम्ही लगेच मान्य केली.

पुन्हा करायचं झालं तर

तारीख शेवटी ठरवेन. आधी बाकावरच्या माणसांशी बोलेन, मग ग्रंथालयात जाईन, मग पुन्हा बाकावर येईन. या क्रमानं. आम्ही फक्त मधलं केलं, आणि तेही अर्धंमुर्धं.

सर्वांना जे पाठ आहे तो भाग सगळ्यात आधी तपासेन. किल्ल्याच्या भागात बाईंनी चूक पकडली कारण तिथं आम्हाला शंका होती. हुतात्म्यांच्या भागात शंकाच नव्हती, म्हणून चूक थेट धातूत गेली.

उर्दूचं माणूस पहिल्या दिवसापासून शोधेन. चौघांपैकी एकाची भाषा आठ महिने गप्प ठेवून चौघांची गोष्ट सांगणं हे अपुरं होतं, आणि त्या वेळी आम्ही ते ‘नंतर बघू’वर ढकललं.

आणि आजोबांचं बोलणं लिहून घेण्यात आम्ही उशीर केला. त्यांची मुलगी पुण्याला असते, आणि गेल्या पावसाळ्यात ते तिकडे राहायला गेले. त्याआधी तीन सकाळी मी वही घेऊन त्यांच्याजवळ बसले, पण गिरणीच्या भोंग्याबद्दल, पाळ्यांबद्दल, मार्शल लॉमध्ये रात्री घराबाहेर पडता येत नव्हतं तेव्हा पाणी कुठून आणायचे याबद्दल अजून बरंच विचारायचं राहिलंय. फोन केला की म्हणतात, ‘बागेत आलो की सांगतो.’ त्यांच्या सांगण्यासाठी कापडावर डाव्या कोपऱ्यात, फाटकाच्या चित्राखाली, एक वीतभर जागा मोकळी ठेवली आहे. मैत्रिणीनं तिथं कडेनं निळी टीप घालून ठेवली आहे. आत अजून काही लिहिलेलं नाही.